बांधावरचं डांगर

सासऱ्यांनी पाठवलेलं ते फळ सृष्टीनं ओट्यावर ठेवलं आणि चारही बाजूंनी न्याहाळलं. रंग पिकल्या लिंबाचा, आकार लहानशा कलिंगडाचा आणि साल इतकी टणक, की टिचकी मारली तर दार वाजवल्यासारखा आवाज यावा. सोबत नवऱ्याच्या तोंडी निरोप होता, "सूनबाई शिकलेली हाय. ती वळखंल."

सूनबाई शिकलेली होती हे खरं, पण कॉमर्स शिकलेली होती.

तिचे सासरे भिमाजी दिंडोरीकडचे द्राक्षवाले. बागेसाठी ठिबकच्या नळ्या घेताना दुकानदारानं त्यांना कसल्याशा परदेशी बियांचं एक पाकीट फुकट दिलं. फुकट मिळालेली वस्तू वाया घालवणं भिमाजींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बिया बांधावर टोचल्या. पाकिटावर काय लिहिलंय ते मुलाकडून, जीवनकडून वाचून घ्यावं असं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधी ते पाकीट शेळीनं खाल्लं. वेल मात्र असा माजला की बांध दिसेनासा झाला, आणि त्याला ही पिवळीधमक फळं लागली.

गावात ती कुणालाच ओळखेनात. हसायला काही ओळख लागत नाही. शेजारच्या शेताचे चिमाजी तर येता-जाता विचारायचे, "काय भिमा, अंडी उबली का रं?" शेवटी भिमाजींच्या बायकोनं, कुसाबाईंनी, निकाल देऊन टाकला. हे काय आहे ते रविवारपर्यंत कळलं तर ठीक, नाहीतर सोमवारी वेल उपटून म्हशींपुढे.

"आप्पांनी काय ठरवलंय माहितीये?" जीवन म्हणाला. "रविवारी चिमाजीनानांनाच घेऊन येतायत इथे शहरात, आपल्याकडे जेवायला. तू म्हणे याचं काहीतरी असं कर, की नानांनी बोटं चाटली पाहिजेत."

"आणि नाही चाटली तर?"

"तर आप्पा गावात तोंड दाखवणार नाहीत. म्हणजे इथेच राहतील."

सृष्टीला हसू आलं, पण थोडंच. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. सासरची मंडळी पुण्याची सून म्हणून तिच्याशी जरा जपूनच बोलायची. भिमाजींनी मात्र पहिल्याच दिवशी द्राक्षांचा घड तिच्या हातात दिला होता आणि "खा, धुवून आणलाय" म्हटलं होतं. अशा माणसाचं गावात हसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

तिनं फोनला फळाचा फोटो दाखवला. फोन म्हणाला, खरबूज. नीट उजेडात धरून दाखवला, तर म्हणाला, रग्बीचा चेंडू. सोसायटीच्या ग्रुपवर एकीनं ते पपई ठरवलं, तर दुसरीनं 'दाराला टांगा, नजर लागत नाही' असा सल्ला दिला. पंचवटीच्या बाजारातल्या भाजीवालीनं ते हातात घेऊन तोललं आणि परत केलं. "ताई, मी हे विकत नाही. म्हणजे हे कोणी खात नसणार."

शनिवारी संध्याकाळी सृष्टीनं हात टेकले आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, उद्या मी करू तरी काय?"

कुसाबाई म्हशीची धार काढत होत्या. त्यांना एवढा वेळ नव्हता. "त्यात इचार कसला करती? डांगर कर न् मोकळी हो. चिमाजी भावजींना डांगर लय आवडतं."

सृष्टीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. डांगर! भाजलेल्या उडदाच्या डाळीचं पीठ, त्यात हिंग, जिरं, मिरी. दह्यात कालवायचं, वर कच्चा कांदा आणि चरचरीत फोडणी. माहेरून आलेला पिठाचा डबा भरलेला होता. ते भलतं फळ बाजूला ठेवून वेळ मारून न्यायला सांगताहेत, किती समजूतदार आपल्या सासूबाई, असं तिला वाटलं. रविवारी सकाळी तिनं मोठं पातेलंभर डांगर कालवलं.

तेवढ्यात कुसाबाईंचा फोन आला. "दोघं निघालेत बरं का. डांगर झालं? शिजलं का नीट?"

"शिजवायचं कशाला? दह्यात कालवलंय."

"कच्चंच?"

"कच्चंच असतं ना, आई. उडदाचं पीठ घेतलं, आणि..."

"अगं, डांगरात उडीद कशाला घातलं?"

"मग डांगर कशाचं करतात?"

"डांगराचं!"

मग कुसाबाईंनीच सबुरीनं घेतलं. "हे बघ, ते गोल असतं, आतून केशरी, घारगे करत्यात त्याचे..."

"लाल भोपळा?"

"आमच्यात त्यालाच डांगर म्हणत्यात, बाई! आन् तुझ्या पुढ्यातलं बी त्याच्याच जातीचं असंल. काप लवकर. पण ऐक, आख्खं डांगर बाईनं कापू नाय. पयला सुरा जीवनला लावू दे."

जीवन दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यानं सुरा लावला. सुरा दोन बोटं आत गेला आणि तिथेच रुतून बसला. पुढे जाईना, मागे येईना. जीवननं फळ पायात धरून ओढून पाहिलं, ओट्याच्या कडेवर आपटून पाहिलं. फळाला काही झालं नाही, ओट्याचा टवका मात्र उडाला. शेवटी सृष्टीनं सुऱ्यासकट ते फळ उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडलं. शिजल्यावर येईल वठणीवर, असा तिचा हिशेब होता.

आलंही. बऱ्याच वेळानं सुरा आपोआप कलंडला आणि फळ दुभंगलं. सृष्टीनं बिया काढल्या आणि चमच्यानं गर ओढला, तर तो सुतासुतानं सुटून यायला लागला. लांबच लांब, पिवळे, मोकळे धागे.

"जीवन, हे काय निघतंय?"

"नासलं बहुतेक." त्यानं वास घेतला. मग भीतभीत एक धागा तोंडात टाकला. "अगं, चांगलं लागतंय! पण याच्या शेवया कशा झाल्या? तू काय केलंस?"

"मी काय करणार? उकडलं!"

इतक्यात दारावरची बेल वाजली. जीवन पाहुण्यांना सामोरा गेला, आणि सृष्टीनं ते धागे तसेच मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि दाण्याच्या फोडणीवर परतले. वर लिंबू पिळलं. दिसायला अगदी शेवयांचा उपमा झाला.

भाकरी आणि त्या शेवया घालून ताटं वाढली. चिमाजी मांडी ठोकून बसले आणि मिशीत हसत म्हणाले, "हां, आता दाखव भिमा. वैनी डांगरच म्हणत्यात त्याला. कुठंय तुझं ते नवलाचं डांगर?"

सवय वाईट असते. डांगर हा शब्द कानावर पडताच सृष्टीचा हात आपोआप उडदाच्या पातेल्याकडे गेला. "हे काय नाना, डांगर," ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

चिमाजींनी भाकरीच्या तुकड्यावर डांगर घेतलं. चावता चावता त्यांचं हसू मावळलं. "आयला!" ते म्हणाले. "भिमा, ह्याला तर जल्मताच हिंगाची चव हाय!" त्यांनी पुन्हा घेतलं, पुन्हा मागितलं आणि शेवटी खरंच बोटं चाटली. "बी दे मला. माझ्या बांधाला लावतो."

"बघू," भिमाजी छाती फुगवून म्हणाले. "बी कमी हाय."

सृष्टीला सगळं सांगून टाकायचं होतं. पण भिमाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता की तिनं नुसती आणखी एक भाकरी वाढली. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा भिमाजी पाणी घेण्याच्या निमित्तानं तिच्यामागे स्वयंपाकघरात आले. हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, खरं सांग. मी शेतकरी हाय. असं डांगर येलाला लागत नाय."

"नाही, आप्पा. ते उडदाचं आहे. चुकून झालं. तुमचं फळ म्हणजे त्या शेवया."

"त्या? मी दोनदा घेतल्या की गं!" भिमाजींनी कढईतला एक धागा उचलून उजेडात धरला, वरखाली पाहिला आणि खाल्ला. मग हसण्यानं त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. डोळ्यांतलं पाणी उपरण्याला पुसून त्यांनी फोन काढला आणि बायकोला सांगितलं, "येलाला हात लावू नको."

बाहेर चिमाजींचं ताट चाटूनपुसून साफ झालं होतं. "सूनबाई," ते म्हणाले, "ह्या शेवया कंच्या दुकानातल्या? आमच्या घरी अशा मोकळ्या कधी व्हत नाय. पोरीच्या लग्नाला लागतील."

"दुकानात नाय मिळत," भिमाजी शांतपणे म्हणाले. "माझ्या बांधावर येलाला लागत्यात."

चिमाजींना हसताना ठसका लागला. "डांगराचं मानलं, भिमा. त्यात तू जिकला. पण आता शेवया बी येलाला? कायतरी लाज ठेव!" मग ते सृष्टीकडे वळले. "पोरी, तू शिकलेली हाय. तू तरी खरं सांग."

सृष्टीनं भिमाजींकडे पाहिलं, पदरासारखी ओढणी सावरली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "आप्पा खरंच सांगतायत, नाना. मी स्वतः फळ फोडून आतून काढल्या."

चिमाजींनी आळीपाळीनं तिघांची तोंडं पाहिली. कुणीच हसेना. त्यांनी कपाळावर हात मारला.

"गेली," ते हळहळून म्हणाले. "चांगली पोर व्हती. ही बी ह्यांच्यातलीच झाली!"