सावरखिंडीची वीज

आमच्या जिल्ह्यात वीज रोज सकाळी कचेरीत येते, माझा अहवाल वाचते आणि मगच गावोगावी जाते. अहवालाची संगणकप्रणाली मी बसवली आहे. वीज शिस्तीची आहे. लिहिलंय त्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही.

ऊर्जाधोरण ठरवणाऱ्या निंबकरसाहेबांना अपूर्णांकांचा तिटकारा. "पूर्ण आकडे दाखवा हो, डोकं उठतं," ते म्हणाले. म्हणून ज्या गावाची मागणी अर्ध्या मेगावॅटच्या खाली, तिथे मी शून्य दाखवलं. दुसऱ्या दिवशी वीज सावरखेडला फिरकलीच नाही.

तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टर वत्सला धिंदळे तडक कचेरीत आल्या. "साहेब, फ्रिजमधल्या लशी नासतील. सोमवारी पोरं यायचीत टोचून घ्यायला."

वीज टेबलाशीच उभी होती. सिस्टरनी तिलाच विचारलं, "का गं बाई, येत का नाहीस?"

"शून्यावर कशी येऊ?" वीज म्हणाली. तिला वाईट वाटत होतं. मलाही वाटलं, पण साहेबांपुढे अपूर्णांक नेण्याची माझी छाती नव्हती.

"शेजारचं बोरखिंडही शून्यच आहे," मी म्हणालो. "दोन्ही एकत्र धरली तर अर्ध्याच्या वर जातात, म्हणजे पूर्ण एक. सावरखिंड नावाने दाखवू."

साहेबांनी लगेच मान्यता दिली.

सावरखिंड नावाचं गाव नसल्यामुळे वीज दोन्ही गावांच्या शिवेवर, चिंचेखाली जाऊन थांबली. सिस्टरनी बैलगाडीत घालून फ्रिज तिथे नेला. सोमवारी पोरांना तिथेच टोचलं. मग गिरणी आली, शाळा आली, हळूहळू माणसं बिऱ्हाडं घेऊन आली.

परवा साहेब आणि मी पाहणीला गेलो. वीज फेरीवर निघालीच होती, तिला गाडीत घेतलं. सावरखेडला सगळी दारं बंद. "पाहिलंत? शून्य म्हणजे शून्य," साहेब म्हणाले. "प्रणाली अचूक आहे तुमची." मला फार बरं वाटलं.

शेवटच्या घरात सिस्टरचे वडील अंधारात भाकरी चाचपत बसले होते. "मी हाय की अजून," ते म्हणाले. "पोरीला फ्रिज सोडून येता येत न्हाई. मला घर सोडवत न्हाई."

साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि ते गाडीत जाऊन बसले.

वीज खिडकीतून त्या घराकडे बघत होती. "मिनिटभर जाऊन येऊ का?" तिने मला हळूच विचारलं.

मी अहवाल उघडून पाहिला. "शून्यावर कशी जाशील?" मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि काच वर केली.