डॉक्टरांची हायड्रोजनची नाव

"धूर नाही, आवाज नाही, वास नाही. मागच्या नळीतून पडतं ते फक्त पाणी. आणि तेही पिण्याइतकं शुद्ध!" दातांच्या डॉक्टरांनी आरशासमोर भाषण पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"पाणी तर आपल्या नळालाही येतं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "त्यासाठी एवढा खटाटोप?"

डॉक्टरांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांची शिडाची एक छोटी नाव होती आणि वारा पडला की कामाला यावं म्हणून तिच्यात एक जुनं डिझेल इंजिन होतं. त्याचा धूर नौका क्लबच्या हिरवळीवर चहा पिणाऱ्यांच्या कपापर्यंत पोचू लागला, तेव्हा क्लबला एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला. धूर ओकणाऱ्या नावेला धक्क्यावर जागा नाही, असा ठराव झाला. डॉक्टर इरेला पेटले. त्यांनी इंजिन काढून विजेची मोटर बसवली, बॅटरी बसवली आणि ती भरत राहावी म्हणून हायड्रोजनचा फ्युएल सेल बसवला. सिलिंडरमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडली की वीज तयार. हा स्वच्छ हायड्रोजन घेऊन आलेला ट्रक मात्र एवढा धूर सोडत आला की समोरच्यांना दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले.

आज समितीची पाहणी होती. शीड न उभारता नाव बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत आली, तर डॉक्टरांची जागा कायम. नाहीतर ती सचिवांच्या मेव्हण्याला मिळणार होती. मेव्हणा परवाच येऊन जागेचं माप घेऊन गेला होता. डॉक्टरांना वडिलांनी शीड ओढायला शिकवलं ते त्याच जागी. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून जीव विटला की ते तिथे जाऊन नुसते बसायचे. ती जागा गेली तर नाव विकावी लागणार, या विचारानं त्यांना रात्रभर झोप नव्हती.

"मीही येते," बायको म्हणाली. "चहाचा थर्मास घेते. चहा पोटात गेला की समिती जरा माणसांत येते."

निघताना तिचा नेहमीचा घोळ सुरू झाला. तिला आयुष्यात एकाच गोष्टीचा धसका होता, तो म्हणजे गॅस चालू राहिला तर? एकदा तर ती सुटायला टेकलेल्या गाडीतून उतरून घरी गॅस बघायला गेली होती. गॅस बंदच होता आणि गाडी गेली ती गेलीच.

"अहो, एक मिनिट, मी जरा गॅस..."

"काही नको! समिती उभी असेल," म्हणत डॉक्टरांनी तिला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

धक्क्यावर समिती खरोखरच उभी होती. अध्यक्षांना पाण्याची भीती वाटत असल्यामुळे ते नौका क्लब हिरवळीवरूनच चालवत; आज मात्र जीव मुठीत धरून नावेत चढले. सचिवांना नाव नुसती पाहिली तरी मळमळायचं. तिसरे सुरक्षा अधिकारी. ते सिलिंडरच्या पेटीवरच ऐसपैस बसले, कारण नावेत तेवढीच जागा कोरडी होती.

डॉक्टरांनी दोऱ्या सोडल्या, मोटर चालू केली आणि बोट वर केलं. "ऐका!"

सगळ्यांनी कान टवकारले.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," सचिव म्हणाले.

"तेच तर ऐकायचंय!"

अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. गाणं कळत नसलं तरी मैफलीत डोलवावी लागते, तशी. नाव डौलात लाल बोयापर्यंत गेली, तिने वळसा घेतला, आणि डॉक्टरांच्या पायाखालची थरथर थांबली. बॅटरी संपली होती. समितीतल्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आवाज नसतो हे त्यांना आधीच पटवून दिलेलं होतं.

डॉक्टर बायकोच्या कानाशी वाकले. "सेल चालूच झालेला नाही. पण सिलिंडर तर मी स्वतः उघडला होता!"

"हो ना," ती कुजबुजली. "तुम्ही समितीला हात देऊन नावेत घेत होतात आणि गॅस उघडाच. मी बंद केला."

"काय केलंस?"

"गॅस चालू ठेवून कुणी बाहेर पडतं का?"

डॉक्टरांनी पेटीकडे पाहिलं. तिच्यावर सुरक्षा अधिकारी मांडी घालून बिस्कीट खात होते. त्यांना उठवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर मघापासून ज्याची तारीफ चालली होती ते यंत्र बंद होतं हेही सांगावं लागणार. आजवर साऱ्या गावाला तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड काही उघडेना.

"ते शुद्ध पाणी कुठाय हो?" सचिवांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

नळीखालचा पेला कोरडा ठणठणीत होता. बायकोने नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहिला, समितीकडे पाठ केली आणि पिशवीतल्या बाटलीतून पेला भरून पुढे केला. अध्यक्षांनी घोट घेतला आणि तो तोंडात घोळवला.

"वा! आपल्या पाण्याला ही चव नाही."

"मला जरा गॅसचा वास येतोय," सचिव पेला हुंगत म्हणाले.

"पहिल्यांदा येतो तसा," बायको म्हणाली. "थोडा चहा घ्या."

नशीब बलवत्तर म्हणून भरती लागली होती आणि वारा पाठीवर होता. डॉक्टर सुकाणू घट्ट धरून, ओठ आवळून उभे राहिले. पाणी नावेला हळूहळू आत घेऊन आलं आणि थेट तिच्या जागी धक्क्याला टेकवून गेलं.

"येताना तर जातानापेक्षाही शांत!" अध्यक्ष जमिनीवर पाय टेकताच खुलले. "याला म्हणतात विज्ञान. मी म्हणतो, पास!"

"थांबा!" सुरक्षा अधिकारी उठले. "सिलिंडर पाहायचा राहिला."

त्यांनी पेटी उघडली. डॉक्टरांना वाटलं, आता सगळं संपलं. अधिकाऱ्यांनी चावी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवून पाहिली, आणि त्यांचा ऊर भरून आला.

"बंद! अख्ख्या फेरीत सिलिंडर बंद! अध्यक्षसाहेब, इतकी शिस्त मी आजवर पाहिली नाही. माझी मंजुरी आहे, पण एका अटीवर. नाव चालत असताना सिलिंडर कायम असाच बंद पाहिजे. मी दर आठवड्याला येऊन तपासणार."

"अहो, पण..." डॉक्टरांच्या तोंडून निघालं.

"पण काय? जागा नकोय?" सचिवांनी आशेनं विचारलं.

"पाहिजे," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

"छान. क्लबच्या नावेलाही असाच सेल बसवू," अध्यक्ष म्हणाले. "बंद ठेवायचाय म्हटल्यावर धोका कसला?"

समिती हिरवळीकडे गेली. डॉक्टर कितीतरी वेळ आपल्या जागेवर आपल्या नावेकडे बघत बसले. एवढं करून शेवटी ती वाऱ्यावरच चालवायची होती. वडील चालवायचे तशी. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं.

"बघा," थर्मास पिशवीत टाकत बायको म्हणाली. "मी गॅस बंद केला म्हणून पास झालात."

"हो बाई. तुझेच उपकार."

ती दोन पावलं चालली आणि थबकली.

"अहो... इथला मी बंद केला. पण घरचा?"

डॉक्टर पळायलाच लागले होते.