एका लाइनवर दोघं

त्या दिवशी मी ठरवलं, की ओव्हनमध्ये बटाटे भाजत ठेवायचे आणि ते भाजेपर्यंत गरम पाण्याने आंघोळ उरकून घ्यायची. एवढंच. वेळ वाचवायचा होता. (वाचलेल्या वेळाचं मी काय करणार होतो, हे कृपा करून विचारू नका.)

आमच्या स्वयंपाकघरातला ओव्हन आणि बाथरूममधला गीझर एकाच लाइनवर आहेत. एका म्यानात दोन तलवारी. दोन्ही एकदम लावले, की खटकन एमसीबी पडतो आणि अर्धं घर अंधारात जातं. पंचवीस वर्षं आम्ही हे प्रकरण ओरडून सांभाळलं. मी बाथरूममधून ओरडायचो, "गीझर लावू का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "थांबा, केक आत आहे!" मग मी टॉवेल गुंडाळून थांबायचो. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं याच विषयावर झालं असेल. पुढे मुलीचं बाळंतपण आलं आणि बायको सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "दोन्ही एकदम लावू नका हो." मी पंधरवडाभर तिचं ऐकलं, हेच पुष्कळ झालं.

डोक्याला साबण, डोळ्यांत फेस, आणि खट! पडलेला खटका वर करायचा असतो, हे मला माहीत आहे. पण विजेची कळ काढू नये, हेही मला माहीत आहे. मी टॉवेलवरच वायरमनला फोन केला.

तो आला. तिशी-पस्तिशीचा, बोलका माणूस. त्याने एका बोटाने खटका वर केला. दोन सेकंदांत काम संपलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दोन सेकंदांत कसं घालवायचं, म्हणून मी चहा टाकला. तो बायकोच्या खुर्चीत बसला आणि त्याने मला आईचा गुडघा, स्कूटर शिकायला निघालेली सासू आणि शेजाऱ्याचा पोपट, असं सगळं सविस्तर सांगितलं. पाऊण तास! ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर असतो. तिथे लोक "सही इथेच ना?" एवढं विचारतात आणि जातात. पंधरा दिवसांत माझ्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं. तो गेल्यावर मी दोन कप विसळले आणि मला फार एकटं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बायकोचा फोन रोज यायचा, नाही असं नाही.

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"बटाटे."

"आणि काल?"

"बटाटेच. अगं, मला ना—"

"थांबा, बाळ उठलं!"

हे बाळ रोज माझ्या 'अगं'लाच उठायचं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विसरलो. त्याच्या पुढच्या आठवड्यात विसरल्यासारखं केलं. मग तर मी पद्धतच बसवली. आधी दोन कप पुसून ठेवायचे, बशीत बिस्किटं मांडायची, मला शोभेलसा शर्ट घालायचा आणि मग दोन्ही बटणं दाबायची. खट आवाज आला, की मला बरं वाटायचं.

पाचव्या वेळी त्याने खटक्याला हात लावला नाही. सरळ जाऊन ओव्हन उघडला.

"काका, आत काही नाही."

"अरेच्चा! ठेवायचं राहिलं वाटतं."

"गेल्या खेपेलाही राहिलं होतं. आणि बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आंघोळ करता का?"

मी बिस्किटांची बशी पुढे केली. 

"वायर तापतेय काका. एखाद दिवशी पेटेल. काकू परत येतील तेव्हा घर जागेवर नको का?"

"म्हणजे आता तुम्ही येणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

तो खाली बसला आणि त्याने हत्यारांच्या पिशवीतून एक डायरी काढली.

"असे माझे पाच जण आहेत काका. सोमवारी शिवणकामवाल्या मावशी. त्या पंख्याची वायर स्वतःच उपटतात. मंगळवारी दातांचे डॉक्टर, बेल बिघडवतात. पाचही वार भरलेत. तुम्हाला मी मध्येच घुसवत होतो."

ही युक्ती जगात मला एकट्यालाच सुचली, अशी माझी समजूत होती!

"आणि शनिवार-रविवार?"

"तेव्हा बायको मला सोडत नाही. असं करा, गुरुवारी मी तुमच्याच वरच्या मजल्यावर असतो. हेडमास्तरांकडे. ते हीटर आणि इस्त्री एकदम लावतात. त्यांना विचारा. एकाच चहात दोघांचं काम होईल."

वरचे निवृत्त हेडमास्तर! ते राहायला आल्यापासूनच्या सात वर्षांत आमची ओळख जिन्यातल्या मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती. पण आता लाजून चालणार नव्हतं. मी केस विंचरले, बशी उचलली आणि वर गेलो. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत चष्मा दिसला.

"सर, मी खालचा," मी म्हणालो. "तो वायरमन गुरुवारी तुमच्याकडे येतो. मीही आलो तर चालेल का? बायको मुलीकडे गेली आहे. घर खायला उठतं हो."

त्यांनी फटीतून हात काढून बशी आत घेतली.

"परत कधी येणार?"

"चार महिन्यांनी."

"माझी येणार नाही," हेडमास्तर म्हणाले. "गुरुवार मी सोडणार नाही."

आणि दार लागलं. चार महिन्यांचं दुःख घेऊन मी कुणाच्या दारात उभा होतो! मला माझीच लाज वाटली. मी वळलो, दोन पायऱ्या उतरलो, तेवढ्यात साखळी वाजली. दार या वेळी पूर्ण उघडलं होतं. हेडमास्तरांच्या हातात अर्धं बिस्किट होतं.

"मऊ पडलीत," ते कडाडले. "पुढच्या वेळी डब्याचं झाकण घट्ट लावत जा!"

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी हात बांधून "हो सर" म्हणालो.