अण्णांचा पाथ

कंपनीचा प्रोग्राम ग्राहकाच्या संगणकावर बसवणारी जी स्क्रिप्ट होती, तिच्या सतराव्या ओळीत अण्णांच्या फोल्डरचा पत्ता होता. अण्णा नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. प्रोग्राम कुठे बसवायचा हे ज्याच्या त्याच्या संगणकाने ठरवावं, म्हणून त्या जागी व्हेरिएबल, म्हणजे आयत्या वेळी भरायची मोकळी जागा, ठेवतात. इथे सरळ 'अण्णा/नवीन/नवीन२/फायनल' असा पाथ लिहिला होता. त्यामुळे प्रोग्राम फक्त अण्णांच्या संगणकावर विनातक्रार बसे. ग्राहकांना मदतकक्ष फोनवरून 'अण्णा' नावाचा युजर उघडायला लावी.

हे नव्या इंजिनिअर मुलीच्या लक्षात आलं, तेव्हा तिला नोकरीत कायम व्हायला अकरा दिवस उरले होते. तिला सगळे 'नवी' म्हणत.

"एका ओळीचं काम आहे, सर," ती साहेबांना म्हणाली. "पाथ काढते, व्हेरिएबल टाकते. पाच मिनिटं."

साहेबांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं चाललंय ना? तू हात लावलास आणि बिघडलं, तर नाव तुझं. नाही लावलास आणि बिघडलं, तर अण्णांचं. अण्णांना आता काय फरक पडतो?"

नवीला हे पटेना. घरी आई म्हणाली, "तीस तारखेपर्यंत तोंडाला कुलूप लाव बाई. कायम झालीस की काय अक्कल पाजळायची ती पाजळ."

तशात एका मोठ्या ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने कळवलं, की कर्मचारी नसलेल्या माणसाच्या नावाने युजर उघडता येणार नाही. साहेबांनी बैठक बोलावली. ओळ बदलणे हा विषय विषयपत्रिकेवर नसल्याने चर्चेला आला नाही. अण्णांना त्या ग्राहकाने आपल्याकडे नेमून घ्यावं, असं एकमताने ठरलं. मग इतरांनीही तोच नियम काढला. आठवड्याभरात अण्णा चारशे बारा ठिकाणी नोकरीला लागले. दोन ठिकाणी त्यांना गैरहजेरीबद्दल मेमो मिळाला. एका ठिकाणी बढती मिळाली, कारण त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती.

मेमो घेऊन अण्णा स्वतः हजर झाले. "अगं पोरी, ती ओळ मी चाचणीपुरती टाकली होती. संध्याकाळी बदलणारच होतो, तेवढ्यात निरोपसमारंभाला बोलावलं."

"मग आता बदला ना, अण्णा!" नवी काकुळतीला आली.

"त्यांना अधिकार नाही," साहेब म्हणाले. "ते आता दुसरीकडे नोकरी करतात."

तीस तारखेला साहेबांनी नवीपुढे दोन कागद ठेवले. एक तिला कायम केल्याचं पत्र. दुसरा, ग्राहकांच्या करारपत्रात घालायच्या नव्या कलमाचा मसुदा: 'ग्राहक अण्णांना आपला माणूस मानेल व त्यांच्या बऱ्यावाईट कृत्यांस स्वतः जबाबदार राहील.' पहिलं पत्र हवं, तर दुसऱ्यावर मसुदा तयार करणारी म्हणून सही हवी होती. नवीने दोन्हींवर सही केली. तिला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. खरं सांगायचं तर हायसं जास्त वाटलं.

कलम सेहेचाळिसाव्या पानावर गेलं. कुणीतरी वाचेल, आरडाओरडा करेल आणि ओळ आपोआप बदलावी लागेल, अशी नवीला मनातून आशा होती. ती रोज तक्रारींची पेटी उघडून बघे. एकाही ग्राहकाने हरकत घेतली नाही. तुम्हीसुद्धा नाही. पहिलं पानही न उलटता तुम्ही 'मला मान्य आहे' वर टिचकी मारलीत, आणि गेल्या मंगळवारी अण्णा तुमच्याकडे रुजू झाले.