साळिंदराची बिनधुराची गाडी

एका जंगलात, बाळांनो, काटेराव नावाचा साळिंदर राहायचा. घरात बायको इंदू आणि म्हातारी आई. जंगल तसं चांगलं होतं. फक्त तिथे आता ज्याच्या त्याच्याकडे गाडी होती.

आईचे गुडघे गेलेले. तळ्यापलीकडे तिची धाकटी बहीण सखू अंथरुणाला खिळलेली. आई रोज म्हणायची, "काट्या, एकदा मला सखूला भेटव. ती बोलतेय तोवर."

"अगं आई, तुझ्यासाठीच तर गाडी घेतोय!" काटेराव म्हणायचा. आणि घेत काही नव्हता.

घाई करून कसं चालेल? पेट्रोलची स्वस्त, पण धूर सोडते. गॅसची परवडते, पण डिकीत टाकी. मग लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या? विजेची महाग, पण जंगलाला त्रास नाही. काटेरावाने माकडाला विचारलं, सशाला विचारलं. कासवाकडे तर गाडीच नव्हती, त्याला दोनदा विचारलं. विचारण्यात उन्हाळा सरला.

शेजारच्या म्हैसमावशी रोज कुंपणावरून डोकवायच्या. "ठरली का हो? रंग कोणता?"

शेवटी विजेची ठरली. गाड्या विकणारा कोल्हा स्वतः दारात आणून लावून गेला. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडला. पेढे वाटले. आई नवं लुगडं नेसून गाडीपाशी आली, आत पाय टाकणार, तोच काटेराव ओरडला, "थांब! सीटला भोकं पडतील!"

साळिंदराला काटे असतात, बाळांनो. मायलेज विचारलं होतं, चार्जिंग विचारलं होतं. बसायचं कसं, तेवढं विचारायचं राहिलं होतं.

"जाड कव्हरं शिवून घेऊ," इंदू म्हणाली. "पण आत्ता नको. आधी रस्त्यावरचा चिखल वाळू दे."

चिखल वाळला, तर धूळ उडू लागली. गाडी ताडपत्रीखाली गेली.

"सखू थांबेल का रे तोवर?" आई म्हणाली.

आता मात्र म्हैसमावशींना राहवेना. त्या आईला म्हणाल्या, "आक्का, बसा माझ्या पाठीवर. मी रोज तळ्यावरच तर जाते डुंबायला."

"अहो, काटे टोचतील."

"टोचू देत. लोकांच्या चौकशा करून करून माझी कातडी जाड झालीय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही गाडीवाले होणार! म्हटलं, म्हशीवर कशाला बसवायचं?"

आक्का पोचल्या. सखूने त्यांना आवाजावरून ओळखलं. मग दोघी दिवे लागेपर्यंत आपापल्या सुनांविषयी बोलत बसल्या. सखूला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

इकडे सिंहाच्या दरबारात जंगलातल्या सर्वांत निर्मळ गाडीचा मान काटेरावाला मिळाला. घेतल्यापासून चिमूटभर धूर नाही, धूळ नाही, आवाज नाही! शाल घ्यायला तो पायीच गेला. रस्ता जरा खडबडीत होता ना.

तात्पर्य: गाडी घेताना पर्यावरण बघावं, बजेट बघावं आणि ताडपत्री चांगली जाड बघून घ्यावी. कुठे जायचंच असेल, तर शेजार बघावा.