रिकाम्या लेनचं उद्घाटन

माणूस किती सज्जन आहे, हे दोन लेनची एक लेन होते तिथे कळतं.

आमच्या पुलाच्या तोंडाशी डावी लेन संपते. सज्जन मंडळी हे ओळखून एक किलोमीटर आधीच उजव्या लेनमध्ये शिरतात आणि शांतपणे रांग लावतात. डावी लेन रिकामी राहते. काचेच्या कपाटातल्या चांगल्या कपबश्यांसारखी ती सगळ्यांची असते, पण वापरायची नसते.

तरीही जो त्या लेनने पुढे जातो, त्याला घुसखोर म्हणतात. त्याला आत न घेण्याची पद्धत ठरलेली आहे. पुढच्या गाडीला इतकं चिकटायचं की मधून वारासुद्धा जाऊ नये. त्याच्याकडे बघायचं नाही, कारण नजर भिडली की माणुसकी जागी व्हायचा धोका असतो. त्याऐवजी मान खाली घालून रेडिओचं बटण शोधायचं. (गाडीत रेडिओ नसला तरी चालतं.)

रस्ते खात्यातल्या एका इंजिनियरला हे बघवेना. त्याने बरीच खटपट करून नवा नियम मंजूर करून घेतला: दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरा, मग एक गाडी डावीकडची, एक उजवीकडची, एकाआड एक. तशी पाटी पुलापाशी उभी राहिली. अकरा वाजता मोठे साहेब तिच्यावरचा पडदा काढणार होते. साहेबांची अट एकच. इंजिनियरने स्वतः हजर राहून नियम समजावून सांगायचा, नाहीतर पाटी गोदामात.

त्या सकाळी इंजिनियर बायकोला आणि सासूबाईंना घेऊन निघाला आणि सवयीप्रमाणे एक किलोमीटर आधीच उजव्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"अहो, डावीकडे सगळं मोकळं आहे," बायको म्हणाली.

"माहितेय."

"मग?"

"पाटी अजून झाकलेली आहे. उघडेपर्यंत नियम लागू नाही."

"आणि तुम्ही पोचल्याशिवाय ती उघडायची नाही."

इंजिनियरने यावर विचार केला. तेवढ्यात रांग एक गाडी पुढे सरकली.

"जावईबापू, मी काही बोलत नाही," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "लग्न ठरलं तेव्हाही बोलले नव्हते."

हे लागलं. इंजिनियरने गाडी डाव्या लेनमध्ये घातली. मागून हॉर्नचा एकच गजर झाला. पुढे एका टेम्पोवाल्याने तर, कुणीही न नेमता, दोन्ही लेनच्या मधोमध टेम्पो आडवा घालून पहारा सुरू केला.

"जाऊ द्या हो," इंजिनियर खिडकीतून म्हणाला. "हा नियम मीच केलाय."

"आणि रस्ता माझ्या मामाने."

"मग मामांना विचारून घे की पटकन," सासूबाई म्हणाल्या.

टेम्पोवाला हसला आणि बाजूला झाला. इंजिनियर लेनच्या टोकाशी पोचला, इंडिकेटर लावला आणि थांबला. पलीकडे साहेब, पडदा आणि पडद्याची दोरी, तिन्ही दिसत होते. फक्त एका गाडीने क्षणभर थांबायची खोटी होती. उतरून चालत जावं, असं त्याच्या मनात आलं. पण एकाआड एकचा जनकच पायी आला, तर नियमाची काय शोभा राहणार?

साहेबांना लांबून फक्त लुकलुकणारा इंडिकेटर दिसला.

"बघा तो घुसखोर," ते म्हणाले. "असल्या लोकांना मोकळं रान देणारा नियम आणतोय आपला इंजिनियर. आहे कुठे तो?"

कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वाजून गेले. पाटी पडद्यासकट गोदामात गेली.

साहेबांनी मग मुळावरच घाव घातला. डावी लेन एक किलोमीटर आधीच बंद केली, म्हणजे पुलापाशी कुणाला कटकट नको. आता रांग दोन किलोमीटर आधी लागते. खात्याच्या पाहणीनुसार सज्जनपणात शंभर टक्के वाढ झाली आहे.

एक गाडी थांबली असती तर एवढं रामायण घडलंच नसतं, असं तुम्हाला वाटत असेल. सासूबाईंनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी खिडकीची काच खाली करून शेजारच्या गाडीला चांगला हात केला होता.

पण तुम्ही तेव्हा रेडिओचं बटण शोधत होता.