बाबालालचाचांची दोन मनगटं

बाबालालचाचांना नमस्कार केला की उलट नमस्कार मिळायचा नाही. दोन मनगटं मिळायची, थेट नाकाखाली.

"डावा का उजवा?"

माणूस सायकलवर असला तरी सुटका नव्हती. हँडल धरून थांबवायचे. तालमीतून निथळत बाहेर पडलेला पैलवान असो, नाहीतर पेठ वडगावहून बाजाराला आलेला कुणी अनोळखी. "पावणं, जरा हिकडं या." पावणा एका हातानं खिसा सांभाळत वास घ्यायचा.

डाव्या मनगटावर हिरव्या बाटलीतलं सेंट, उजव्यावर काळ्या बाटलीतलं. दोन्ही त्यांच्या सलीमनं दुबईहून धाडलेली. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून सलीमचं पत्र मीच वाचून दाखवलं. बाटल्यांवरची नावं पॅरिसातल्या दोन नामांकित शिंप्यांची आहेत, असं त्यात होतं. माझं डोकं फिरलं. शिंप्याच्या नावाचं सेंट! उद्या न्हाव्याच्या नावाचा तांबडा रस्सा निघेल आणि आमची माणसं वाटी घेऊन रांगेत उभी राहतील!

पत्राच्या शेवटी सलीमनं लिहिलं होतं, "अब्बा, दोन्ही लावून बघा. जे आवडेल ते कळवा. ईदला येताना तेच आणतो."

चार महिने झाले तरी उत्तर जाईना. दर जुम्म्याला मी लाल बावट्याच्या युनियनचं काम बाजूला ठेवून कागद घेऊन बसायचो आणि चाचा म्हणायचे, "घाई न्हाय, कामरेट. पारख नीट झाली पायजे."

पारख हाच त्यांचा धंदा. मुडशिंगीच्या रस्त्याला कच्च्या कातड्यांचं गोदाम होतं. मीठ मारलेली कातडी यायची, त्यातलं चांगलं कुठलं आणि सडकं कुठलं हे चाचा ठरवायचे. प्रत्येक कातड्यावर ओणवे व्हायचे, नाक लावायचे आणि ते एका ढिगात भिरकावायचे. शेठ पाहुण्यांना सांगायचा, "माझं गोदाम बाबालालच्या नाकावर उभं हाय."

सेंटांची पारख मात्र सगळ्या गल्लीनं केली. शिंपीमामा म्हणाले, डावा लिंबाच्या सालीसारखा, झणका मारतो पण दुपारपर्यंत टिकत नाही. पैलवान म्हणाला, उजवा पावसात भिजलेल्या लाकडागत. मी अर्थातच डावा म्हणालो. चप्पल शिवणारा तुकाराम उजव्या मनगटाला नाक लावून उडालाच. "चाचा, ह्यात कातडं हाय की!"

चाचा खुलले. "बघ, पॅरिसचा शिंपीबी आमच्याच धंद्यातला निघाला."

मला हसू आलं नाही. तिकडं कातड्याचा वास बाटलीत भरून विकतात आणि इकडं त्याच वासापायी चाचांशेजारी एस.टी.त कुणी बसत नाही. खुद्द सलीमसुद्धा लहानपणी बापाजवळ जेवायला बसायचा नाही. शाळेत पोरं त्याला "कातडं आलं" म्हणून चिडवायची. मला त्या बाटल्या भेट वाटत नव्हत्या, अपमान वाटत होत्या. तसं मी चाचांना तोंडावर सांगितलं. मी सगळंच तोंडावर सांगायचो.

"तू पत्रकं काढ मर्दा," ते म्हणाले. "सेंट तुला झेपायचं न्हाय."

पत्रकं मी काढतच होतो. कातड्यांना किडा लागू नये म्हणून गोदामात एक पांढरी पूड मारत. मारणाऱ्याच्या तोंडाला फडकंसुद्धा नाही. कुणाच्या नाकातून रक्त यायचं, कुणाला जेवणाची चव लागायची नाही. आम्ही तोंडाला मास्क, हाताला मोजे आणि पाण्याचा नळ मागितला. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा होता. त्याच्यासमोर एका तरी कामगारानं बोलायला हवं होतं. मी चाचांच्या मागं लागलो.

"माझं नाक शाबूत हाय," ते म्हणाले. "नसतं तर शेठनं मला मीठ मारायला घातलं असतं. साठी आली माझी. फावडं झेपंल व्हय?"

त्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत उंदीर मेला. जिन्यापर्यंत घाण सुटली होती. मी नाकाला रुमाल लावून आत गेलो, तर चाचा खाटेवर बसून शांतपणे भाकरी खात होते. उंदीर त्याच खाटेखाली होता. मी वाकलो. उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकला आणि मनात एक नोंद केली. त्या नोंदीची मला आज लाज वाटते.

इन्स्पेक्टर आला. शेठनं चाचांनाच पुढं केलं. "साहेब, तीस वर्सं हितं हाय ह्यो माणूस. पुडीनं नाकं जात्यात म्हणं! ह्याचं नाक बघा."

चाचांनी मनगटं वर केली आणि धडाधड बोलत सुटले. डावा लिंबाची साल, दुपारपर्यंत उडतो. उजवा भिजलेलं लाकूड, आत कातडं. साहेबांनी वास घेतला आणि मान डोलावली. शेठ माझ्याकडं बघून हसला.

शब्द शिंपीमामांचे होते, पैलवानाचे होते, तुकारामचे होते. चाचांचा एकही नव्हता.

कोपऱ्यात कंदिलासाठी रॉकेलची बाटली होती. मी ती उचलली, बूच काढलं.

"चाचा, डोळे मिटा." त्यांनी विश्वासानं मिटले. बाटली नाकाखाली धरली. "डावा का उजवा?"

चाचांनी लांब श्वास ओढला. कपाळावर घाम आला.

"उजवा," ते म्हणाले. "भिजल्यालं लाकूड."

मास्क आले. मोजे आले. महिन्याभरात नळही आला. आम्ही चौकात सभा घेतली, माझ्या गळ्यात हार पडला. चाचांना त्याआधीच मीठ मारायला घातलं होतं. मी शेठशी भांडलो, पण पारखीला दुसरा माणूस आला होता.

पुढच्या जुम्म्याला कागद घेऊन गेलो. हाकलून देतील असं वाटलं होतं. चाचा तळहाताचे फोड चोळत बसले होते.

"ये. जिंकलास की मर्दा."

"चाचा, आजवर एक सडकं कातडं चांगल्यात गेलं नाही. मग नाकाशिवाय पारख कशी करत होता?"

"बोटांनी. कातड्यावरला केस वढायचा. सुटला, की कातडं गेलं. नाक नुसतं शेठला दावायला." बाटल्यांकडं बघून म्हणाले, "सक्काळी उठून दोन्ही लावत हुतो. एक दिस तरी फरक कळंल म्हणून. तंवर तुमास्नी इचारत हुतो. पोराला खोटं कसं कळवायचं?"

मी मान खाली घालून कागद पसरला.

"लिही. हिरवं नको, काळं बी नको. तू सोता लावतोस ते आण."

"तेच का?"

"ईदच्या दिशी शेजारी बसून जेवू. मला तर काय कळणार न्हाय. पर लोकांनी म्हणाय पायजे, बापलेकाला एकच वास येतोय."

लिहिलं. पाकीट खिशात घालून उठलो, तेव्हा दारातून हाक आली.

"कामरेट, तू खरं बोलणारा माणूस. आत्ता माझा वास कसला येतोय?"

"मिठाचा," मी म्हणालो.

"आन?"

"कातड्याचा."

चाचांनी माझ्या खिशातल्या पाकिटाकडं बोट केलं.

"मग खाली आणि एक ओळ घाल," ते म्हणाले. "बाटली मोठी आण म्हणावं."